लहान मुलांना घेऊन फुटबॉलची मॅच: सांभाळायचं ते दार

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. मामा दोघांना शाहू स्टेडियमवर फायनल दाखवायला नेतो म्हणून हटून बसलाय. नवऱ्याचा साफ नकार. त्यात आजोबांनीही ‘मीपण येणार’ म्हणून जाहीर केलंय, आणि त्यांचे गुडघे दुखतात. न्यावं का, आणि न्यायचं तर कसं?

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागून. मुलाला न्या. मुलीला या हंगामात नको. आणि फायनलला कुणालाच नको, निदान पहिल्यांदा तरी. मामाला सांगा, पोराला आधी साखळीतली एखादी साधी मॅच दाखव. पहिल्याच फटक्याला फायनल दाखवायची हौस मोठ्यांची असते. पोराला काय, हिरवं मैदान, शिट्टी, पायातून सुटलेला बॉल आणि हातात भडंगाचा पुडा एवढं पुरतं.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. 22 वर्षं वेगवेगळ्या गावांतल्या फुटबॉल स्पर्धांत गेटवर स्वयंसेवकांच्या टोळीबरोबर उभा राहतोय. इतक्या वर्षांत मॅच मात्र फार थोड्या बघितल्या, कारण माझं तोंड कायम मैदानाच्या उलट दिशेला. खाली जे प्रसंग सांगतोय ते ठिकठिकाणचे आहेत. मैदानांची नावं मुद्दाम घेत नाही.

उलट दिशेला तोंड करून उभं राहिल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली. मॅच चालू असते ती नव्वद मिनिटं मुलांसाठी बऱ्यापैकी सुरक्षित असतात. माणसं बसलेली असतात, जो तो आपापल्या जागी असतो. जीव टांगणीला लागतो तो आधीची वीस मिनिटं आणि नंतरची वीस मिनिटं. गेटवर, जिन्यात, बोळात.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवावरून बोलत नाही. फुटबॉलच्या इतिहासातल्या मोठ्या दुर्घटना काढून बघा. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर 2 जानेवारी 1971 ला 66 माणसं गेली ती मॅच संपल्यावर, बाहेर पडायच्या जिन्यात. एकाच गावातली पाच शाळकरी मुलं त्यात होती. शेवटच्या मिनिटाला गोल झाला म्हणून लोक उलटे फिरले आणि चेंगराचेंगरी झाली, अशी गोष्ट नंतर बरीच वर्षं सांगितली गेली. चौकशीत निघालं वेगळंच: सगळे एकाच दिशेने, घराकडेच चालले होते. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर 15 एप्रिल 1989 ला मॅच तीनची होती. बाहेर गर्दी तुंबली म्हणून 2 वाजून 52 मिनिटांनी पोलिसांनी एक मोठं दार उघडलं आणि लोंढा बोगद्यातून आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरला. 97 बळी. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा. कॅमेरूनमध्ये 24 जानेवारी 2022 ला ओलेम्बे स्टेडियमच्या दाराशी 8 जण गेले, त्यात लहान मूलही होतं. इंडोनेशियात कांजुरुहानला 1 ऑक्टोबर 2022 च्या रात्री पोलिसांनी प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले आणि 135 जीव गेले. आपल्याकडे 4 जून 2025 ला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर 11 जण गेले. तो क्रिकेटचा विजयोत्सव होता, पण जागा तीच, दार. आणि 29 सप्टेंबर 2017 चा एल्फिन्स्टन रोडचा पूल तर मुंबईचा माणूस विसरूच शकत नाही. तिथे खेळ नव्हता, उत्सव नव्हता. पाऊस आला, माणसं जिन्यात थांबली, मागून लोकल येत राहिल्या. 23 गेले.

घाबरवायला ही यादी देत नाही. आपल्याकडच्या लीग मॅचला रोज हजारो माणसं जातात आणि सुखरूप घरी येतात. पण धोका नेमका कुठे आहे ते कळलं, की तो टाळणं मुख्यतः घड्याळाचं काम उरतं. गर्दीत शिरून मुलाला कसं वाचवायचं, याच्या युक्त्या मी खाली सांगणार आहे. त्या वापराव्या लागल्या तर समजा वेळेचा हिशेब आधीच चुकलेला होता.

तर वेळेबद्दल. कोल्हापुरात बहुतेक वेळा एका दिवशी दोन मॅच असतात, एक दुपारची, एक त्यानंतरची. मोठ्या संघांची मॅच सहसा दुसरी. लहान मुलांना घेऊन पहिल्या मॅचला जायचं. गॅलरी अर्धी रिकामी, मनासारखी जागा, पोरगं पायऱ्यांवर चढलं-उतरलं तरी कुणी खेकसत नाही. पहिली मॅच संपता संपता दुसऱ्या मॅचचं पब्लिक आत यायला लागतं. इथेच लोक चुकतात. पहिल्या मॅचच्या शेवटच्या शिट्टीला उठलात तर येणाऱ्या लोंढ्याच्या बरोबर समोर सापडाल. एकाच गेटातून आत येणारे आणि बाहेर जाणारे समोरासमोर आले, की मला सगळ्यात जास्त घाम फुटतो. म्हणून एकतर पहिली मॅच संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी निघा, नाहीतर दुसऱ्या मॅचची दहा मिनिटं होऊ द्या, गेट मोकळं होऊ द्या, आणि मग आरामात बाहेर पडा.

दुसरी, मोठी मॅच बघायचीच असेल तर मॅच सुरू व्हायच्या निदान तासभर आधी आत बसलेलं असायला हवं. मुलाला कंटाळा येईल म्हणता? खेळाडूंचा सराव बघू दे. गोलकीपर कसा उड्या मारतो, बॉल पायावर कसा घोळवतात, हे मुलांना प्रत्यक्ष मॅचपेक्षा जास्त आवडतं. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे तेवढ्यात त्याला सांगून टाका.

आणि उशीर झाला तर? गेटवर पोचलात, आत मॅच सुरू झाल्याचा गलका ऐकू येतोय, बाहेर दोनशे माणसं ढकलाढकली करतायत. परत फिरा. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यात. बाहेर थांबलेल्या माणसाला आतला आवाज ऐकवत नाही, तो पुढच्याला रेटतो. त्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, आणि पुढच्याला मागे सरकता येत नाही. गर्दीत माणसं वेडी होऊन पळतात, एकमेकांना तुडवतात, असं आपल्याला वाटतं. फार वेळा तसं काही नसतं. जो तो फक्त अर्धं पाऊल पुढे सरकत असतो. बस, तेवढ्यानेच होतं.

निघायचे दोनच रस्ते: सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर. लीग मॅच असेल तर आधी निघणं सोपं. बाद पद्धतीच्या स्पर्धेत घोळ असा, की बरोबरी झाली तर टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी मारून निकाल, आणि टायब्रेकर सोडून कुठलंही कोल्हापुरी पोर उठणार नाही. मोठी माणसंही नाहीत. अशा वेळी नंतर निघायचं ठरवून टाका, अगदी घरून निघतानाच. मॅच संपली, गुलाल उधळला गेला, हलगी कडाडली, पोरं मैदानात धावली, तुम्ही जागेवरच. पंचवीस मिनिटं. त्यासाठी पिशवीत एक बिस्किटाचा पुडा राखून ठेवा. ‘शेवटी खायचा’ म्हणून आधीच सांगितलेलं असलं की पोर शांत बसतं. बाहेर आल्यावरही लगेच गाडी काढू नका. आपल्याकडे संघ पेठापेठांचे, त्यामुळे जिंकलेल्या पेठेची सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकलींची फेरी निघालेली असते आणि त्यात आठ वर्षांचं पोर टाकीवर बसवून जाण्यासारखं दुसरं मूर्खपण नाही. गाडी मुळातच दोन गल्ल्या सोडून, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावलेली बरी.

आता बसायची जागा. गोलपोस्टच्या मागे नको. सरावात आणि मॅचमध्येही हुकलेले फटके तिथेच येतात, आणि बॉलकडे लक्ष नसलेल्या चार फुटी माणसाला तो चेहऱ्यावरच बसतो. अगदी खाली जाळीजवळ नको, कारण गोल झाला की वरची पोरं खाली धावत जाळीला भिडतात. आणखी एक, वरून फेकलेली प्रत्येक वस्तू शेवटी खालीच पोचते. अगदी वरही नको, निघताना सगळी गॅलरी उतरावी लागते. मधोमध, खालून तिसऱ्या हिश्श्यात, चढायच्या पायऱ्यांच्या कडेला बसा. मात्र बाहेर पडायच्या दाराच्या बरोबर समोर नको, दहा-पंधरा पावलं बाजूला. मूल नेहमी आतल्या बाजूला, मोठं माणूस कडेला. बसल्याबसल्या मुलाला विचारा, ‘बाहेर जायची दारं किती दिसतात?’ ज्या दाराने आत आलो त्याच दाराकडे सगळी गर्दी परत जाते, दुसरं दार बऱ्याचदा निम्मं रिकामं असतं.

आणि आपली पेठ कुठे बसलीय ते बघून बसा. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ: ही नुसती संघांची नावं नाहीत, ते तुम्हाला मी काय सांगणार. ईर्षा आहे म्हणून तर आपलं फुटबॉल जिवंत आहे. पण ईर्षेला लहान मोठं कळत नाही. समोरच्या संघाचा टी-शर्ट घालून पोराला भलत्या गॅलरीत बसवलेला बाप मी पाहिलाय. पोरगं हौसेने ओरडलं, आणि बापाला पुढचा अर्धा तास सगळ्यांकडे बघून ओशाळं हसत बसावं लागलं. लहान मुलाला साधा, भडक रंगाचा, कुठल्याच संघाचा नसलेला शर्ट घाला. हरवलं तर सापडायलाही सोपं.

दार सोडून, खुद्द गॅलरीतला म्हणावा असा धोका हाच एक, मारामारीचा. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर 16 ऑगस्ट 1980 ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचला गॅलरीत जे सुरू झालं त्यात 16 प्रेक्षक गेले. दोन्हीकडचे समर्थक एकाच ठिकाणी बसले होते. त्यामुळे माझा नियम: आसपास आईबहिणीवरून सुरू झालं की कान टवकारा, कुणी उभं राहून बाह्या सरसावल्या की जागा बदला, पहिली बाटली उडाली की मूल उचला. ‘बघू काय होतंय’ हे तीन शब्द मुलं बरोबर नसताना. शिव्यांचं विचाराल तर त्या ऐकू येणारच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. माझ्या स्वतःच्या मुलीने दुसऱ्या दिवशी शाळेत जो शब्द वापरला त्याचा खुलासा मला मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत करावा लागला होता, आणि मी त्याच शाळेत मास्तर.

गोंधळ दुसऱ्या कोपऱ्यात सुरू झाला, पोलीस तिकडे धावले, लोक दारांकडे पळाले, तर तुम्ही पळू नका. तुमच्या कोपऱ्यात दगड येत नाहीत तोवर रिकामी होत जाणारी गॅलरी ही दारापेक्षा फार बरी जागा आहे. आणि खरोखरच बाहेर पडावं लागलं, दार तुंबलेलं असेल, तर मैदान आठवा. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला 11 मे 1985 ला लाकडी स्टँड पेटला, 56 माणसं गेली. मागची दारं बंद होती. पुढे मैदानाला जाळी नव्हती म्हणून शेकडो माणसं मैदानात उतरून वाचली. अश्रुधूर आला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला सरका, ओला रुमाल मुलाच्या नाकातोंडावर धरा, डोळे चोळू देऊ नका.

एक गोष्ट करून बघायला सांगतो. गर्दीत एकदा उकिडवे बसा आणि मुलाच्या उंचीवरून बघा. काहीही दिसत नाही. पँटी, पट्टे, मोबाईलचे कोपरे, शेजाऱ्याचं कोपर. हवा कोंदट. तुम्हाला ‘ठीक आहे, थोडी गर्दी आहे’ असं वाटतं तेव्हा खाली त्याला गुदमरायला सुरुवात झालेली असते, आणि ते बोलत नाही, कारण सगळे मोठे हसतायत. म्हणून गर्दीचा अंदाज त्याच्या छातीवरून घ्यायचा.

आकड्यात सांगायचं तर एक मीटरचा, म्हणजे सुमारे सव्वातीन फुटांचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. त्यात तीन-चार माणसं असतील तर चालता येतं. पाच झाली की दोन्ही खांदे शेजाऱ्यांना लागतात, ही निघायची वेळ. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, पाण्यासारखा वाहतो; मागे कुणीतरी लवंडतं आणि तुम्ही पुढे ढकलले जाता. मोजत बसू नका. हात वर करून स्वतःच्या तोंडाला सहज लावता येतो का, एवढंच बघा. नाही येत? मग आधीच उशीर झालाय.

सापडलात तर काय? मूल लगेच वर घ्या, छातीशी, तोंड तुमच्याकडे, पाय तुमच्या कमरेभोवती. त्याच्या आणि पुढच्या माणसाच्या पाठीच्या मध्ये तुमचा एक हात आडवा, कोपर बाहेर, म्हणजे त्याच्या छातीला श्वासापुरती जागा राहील. खांद्यावर बसवू नका. धक्का लागला तर ते पाच फुटांवरून पडतं, आणि तुमचाही तोल जातो. खांद्यावरची मिरवणूक मोकळ्या रस्त्यावर. एक पाय पुढे, एक मागे. लाटेच्या विरुद्ध रेटू नका, दम संपतो. धक्का येतो, मग क्षणभर सैल पडतं. त्या सैल क्षणात तिरकं, कडेच्या दिशेने एक-दोन पावलं सरकायचं. पुन्हा धक्का, पुन्हा सैल, पुन्हा तिरकं. भिंत आणि लोखंडी कठड्यापासून लांब, कारण चिरडतं ते त्याच्यावर दाबलं जाऊन. ओरडून श्वास घालवू नका.

आणि काहीही पडलं तरी वाकायचं नाही. एका तालुक्याच्या गावी मॅच सुटताना माझ्या डोळ्यांदेखत एका लहान मुलीची चप्पल निघाली आणि बाप ती उचलायला वाकला. मागच्या माणसाला तो दिसलाच नाही. तीन माणसं त्याच्यावर, पोरगी बाजूला उभी. आम्ही चौघांनी हात धरून कडं केलं म्हणून निभावलं, त्याच्या मनगटावर भागलं. चप्पल दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना सापडली. तेव्हापासून गेटवर चपला घातलेलं मूल दिसलं की मी आईबापांना टोकतो, लोक मला खडूस म्हणतात. बूट घाला, वेलक्रोचे किंवा घट्ट बांधलेल्या नाडीचे. गळ्यात साखळी नको, लोंबत्या दोऱ्यांचा स्वेटर नको, हातात काठीचा झेंडा नको.

चालताना मुलाचं बोट धरायची आपली पद्धत आहे, ती घरच्या अंगणात. गर्दीत मनगट धरायचं. घामेजलेली बोटं निसटतात, मनगट निसटत नाही. एका मोठ्या माणसामागे एकच लहान मूल. मामा एकटा दोघांना नेतो म्हणतोय ना, त्याला विचारा, धाकटीला शू लागली तर थोरल्याला कुठे ठेवणार? यावर त्याच्याकडे उत्तर नसेल. शूचं निघालंच आहे तर, मध्यांतराला बाथरूमला जाऊ नका, सगळं स्टेडियम तेव्हाच जातं. पस्तिसाव्या मिनिटाला जाऊन या.

हरवण्याची तयारी घरी करायची. माझ्या टेबलाशी आणून सोडलेल्या मुलांना मी पहिलं विचारतो, ‘आईचं नाव काय?’ उत्तर येतं, ‘आई.’ ‘बाबांचं?’ ‘बाबा.’ ‘राहायला कुठे?’ ‘घरात.’ माईकवरून आता मी काय सांगू? चार वर्षांच्या मुलालाही आईबापांचं पूर्ण नाव पाठ करून घेता येतं, बाराखडीच्या आधी ते घ्या. मोबाईल नंबर बॉलपेनने त्याच्या दंडावर, बाहीच्या आत लिहा, घामाने पुसू नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी. मुलाचं नाव मात्र शर्टावर दिसेल असं लिहू नका. नावाने हाक मारणाऱ्या माणसाला मूल ओळखीचा समजतं. घरून निघताना त्याचा उभा फोटो काढा. ‘कसला शर्ट घातलाय?’ या प्रश्नाला घाबरलेली आई हमखास चुकीचा रंग सांगते, वीस वेळा पाहिलंय मी.

मुलाला एवढंच शिकवा: आई दिसली नाही की जिथे आहेस तिथेच थांब, मोठ्याने आईचं पूर्ण नाव घेऊन हाक मार. कुणी आलं नाही तर पोलीसकाका, पट्टा लावलेला स्वयंसेवक किंवा लहान बाळ घेतलेली मावशी, यांनाच सांग. बाहेर ये म्हणणाऱ्या कुणाबरोबर बाहेर जायचं नाही. आपण मोठ्यांनी आधी जिथे बसलो होतो तिथे एकाने थांबायचं, दुसऱ्याने थेट माईककडे किंवा पोलिसाकडे जायचं, दोघांनी दोन दिशांना धावायचं नाही. भरल्या मैदानात मोबाईल लागेलच असं नाही, त्यामुळे भेटायची जागा आधी ठरवलेली हवी. पोलिसांसाठी 112, मुलांच्या मदतीसाठी 1098, रुग्णवाहिकेसाठी 108, हे तिन्ही मुलाबरोबरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ असावेत.

तुमच्या धाकटीला नको म्हणालो त्याचं मोठं कारण कान. गॅलरीत ढोल, हलगी, पुंगाण्या आणि मधूनच फटाके. कामाच्या जागी आठ तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा मानतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तीही मोठ्यांच्या कानांची गोष्ट. आपल्याकडे डेसिबलमापक नसतो, मग खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर आवाज जास्त आहे. कापसाचे बोळे फारसे उपयोगाचे नाहीत. मुलांसाठी हेडफोनसारखे दिसणारे कान झाकायचे मफ मिळतात, ते घ्या, आणि घरी टीव्ही बघताना दोन दिवस घालायची सवय करा, नाहीतर मैदानात ते काढून फेकेल. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर मफ लावूनही नको. त्याला ना मॅच कळते, ना स्वतःहून बाजूला होता येतं.

ऊन दुसरं. मार्च-एप्रिलच्या दुपारी सिमेंटची पायरी तव्यासारखी असते. सतरंजीची घडी किंवा जुनं चादरीचं फडकं बसायला हवंच. टोपी, दर वीस मिनिटांनी घोटभर पाणी, मागितलं नाही तरी. मोठ्या स्टेडियमात, गोव्यात फातोर्ड्याला किंवा अंधेरीला, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची मॅच असेल तर बाटल्या आणि पिशव्या गेटवर अडवतात. लहान मुलाचं पाणी, औषध यांना परवानगी आहे का ते तिकीट काढतानाच बघा, गेटवर वाद घालत गर्दी वाढवू नका. बडबडं पोर अचानक गप्प झालं, अंग तापलं, तीन-चार तास शू झाली नाही, तर मॅच तिथेच संपली असं समजून सावलीत न्या.

भडंगाचं वर म्हणालो ते मागे घेतो, अर्धं. पाच वर्षांखालच्या मुलाला गॅलरीत अख्खे शेंगदाणे देऊ नका, आणि भडंगात ते असतातच. गोल झाला की सगळे उडी मारून उठतात, कुणीतरी हौसेने पोराला हवेत उचलतं, आणि तोंडातला दाणा श्वासनलिकेत जातो. खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापट्या. नाही निघाला तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, आत आणि वर असे पाच झटके. पुन्हा थापट्या, पुन्हा झटके, आणि तोवर कुणाला तरी 108 लावायला सांगा. हे एक वर्षावरच्या मुलांसाठी. ते जाण्याआधी घरी उशीवर एकदा करून बघा. थापट्या-झटक्यांनी दाणा निघाला तरी नंतर डॉक्टरांना दाखवा.

वळवाचं एक राहिलं. एप्रिल-मेमधल्या मॅचला चार-साडेचारला आभाळ भरून येतं, वारा सुटतो, धूळ उडते, आणि पहिल्या थेंबाला अख्खी गॅलरी छप्पर असलेल्या एकाच कोपऱ्याकडे, म्हणजे जिन्याकडे पळते. एल्फिन्स्टनचं तेच झालं होतं. पावसासाठी पिशवीत छत्री नको, तिच्या काड्या डोळ्यांत जातात. दोन प्लॅस्टिकचे रेनकोट ठेवा, अंगावर चढवा आणि भिजत बसून राहा. विजा कडाडत असतील तर मात्र आभाळ काळं व्हायला लागलं तेव्हाच, पाऊस यायच्या आधी, बाहेर पडा.

राहिले आजोबा. ताई, त्यांना जरूर न्या. खालच्या पायऱ्यांपर्यंतच न्या, उतरताना एकाने त्यांच्या पुढे चाला, मागे नको. आणि मामालाही त्यांच्या शेजारी बसवा. मॅच सुटल्यावर मामा म्हणेल चला, पोरगं म्हणेल चला, सगळी गॅलरी उठून दाराशी तुंबलेली असेल, आणि आजोबा गुडघ्यावर हात ठेवून म्हणतील, ‘थांबा रे जरा, पाय मोकळा होऊ दे.’ त्यांचा पाय मोकळा होईस्तोवर गेटही मोकळं झालेलं असेल.